आमच्या गाडीला हार का मिळाला नाही

मित्रांनो, आज खंडेनवमी. वाळूजच्या आमच्या कारखान्यात सगळ्या मशीनची पूजा झाली आणि मी मात्र चिडून घरी आले आहे.

चार वर्षांपूर्वी कॉलेजच्या सहलीत एका मोटार शोमध्ये मी एक गाडी पाहिली होती. छतावर सोलर, काथ्याच्या सीट, धुराचं नाव नाही. मी तर टाळ्या वाजवत सुटले होते. दोन महिन्यांपूर्वी तीच बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. घरातली पहिली पदवीधर मी, आईला सांगून टाकलं, "ही गाडी आपण रस्त्यावर आणणार."

आज गोदामात ती ताडपत्रीखाली सापडली. मी ती पुसून चकचकीत केली आणि हार घालत फिरणाऱ्या दगडूमामांना, आमच्या जुन्या फिटरना, हाक मारली. "मामा, हिलाही हार घाला."

"चालती का ही?"

"शोमध्ये होती, मामा!"

मामांनी वाकून खाली पाहिलं. "ताई, हिच्यात मोटारच नाय. नुसतं खोकं हाय. काम करती तिला हार, हिला कशाला?"

सगळे हसले. साहेब म्हणाले, "अगं, ती दाखवायलाच केली होती. शोमध्येही ढकलतच नेली."

मामांचा राग नाही आला. त्यांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं ते मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही, याचा आला.

दसऱ्याची सुट्टी संपली की साहेबांना अर्ज देणार आहे: हिच्यात मोटार बसवा, नाहीतर भंगारात काढा.

तुम्ही अशा गाड्यांसोबत फोटो काढता, तेव्हा विचारता का, ही चालते का?