पोचट पेंढी

त्या खोऱ्यात आता एकच भातशेत उरलं होतं, योशिनोचं. तिच्या गुडघ्यांनीही हात टेकले, तेव्हा यंदाचं पीक शेवटचं, असं तिनं सांगून टाकलं. मग पुजाऱ्यानंही ठरवलं, की शरदातल्या सणाला पूजा करायची आणि इनारीदेवाला शहरातल्या मोठ्या देवळात हलवायचं. जिथं शेतच नाही, तिथं भाताच्या देवानं कुणाचं तोंड बघत बसायचं?

देवाला वाहायची पेंढी कापणीचं यंत्र शेतात उतरण्याआधी विळ्यानं कापायची, ही तिथली रीत. योशिनोनं ती जन्मभर पाळली आणि नेमकी यंदा मोडली. शेवटची पेंढी आहे, लोंब्या टच्च भरू देत, सणाला ताजी कापू, म्हणून तिनं एक कोपरा उभा ठेवायचं ठरवलं. हाव नडली, दुसरं काय!

पुतण्या कात्सुमी यंत्र घेऊन आला, त्या दिवशी ती दवाखान्यात होती. परतली तर शेत सफाचट.

"काकू, तुम्ही खूण केलेला कोपरासुद्धा उरकून टाकला," तो हौसेनं म्हणाला. "म्हटलं, तुमचे गुडघे कशाला झिजवायचे!"

पेंढ्याचा भुगा झाला होता, दाणे गिरणीत गेले होते. तिनं त्याला चहा दिला.

सणापर्यंत खुंटांना फुटवे आले, लोंब्याही आल्या, पण पोचट. तिनं त्याच कापून बांधल्या आणि देवळाच्या पायऱ्या चढली. शेजारचा म्हातारा तामेजी देवाच्या राखणीला बसलेल्या दगडी कोल्ह्यांच्या गळ्यात नवी लाल लाळेरी बांधत होता.

"काय गं, देवाला फसवतेस?"

"गप रे. होतं ते आणलंय."

"बरं बरं. पुजारी चष्मा विसरलाय, चालून जाईल."

पण आंधळ्यालाही दिसलं असतं. भरली पेंढी मान खाली घालते. ही देवापुढं ताठ उभी होती. योशिनोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पूजा झाली. पुजाऱ्यानं देवाची पेटी पांढऱ्या कापडात गुंडाळून गाडीत ठेवली. पेंढी मागेच राहिली.

"अहो, ही?" योशिनो लंगडत धावली.

"राहू द्या, आजी. तिकडं भरपूर आल्यात."

गाडी वळणाआड गेली. योशिनो पायरीवर बसली, पेंढी मांडीवर घेऊन.

"मी देवाला उपाशी पाठवलं रे, तामेजी."

तामेजीजवळ एक लाळेरं उरलं होतं, त्याची घडी करून त्यानं ते खिशात ठेवलं.