उसनी चाल

अंताकाका माणसाला पाठमोरं ओळखतात. गॅस सिलिंडरचा टेम्पो चालवता चालवता लांबूनच सांगतील, "ती सुमनची सासू. गुडघा दुखतो म्हनते, पन बाजारात जाताना न्हाय दुखत." माणूस तोंडानं थापा मारतो, पायांना ते जमत नाही, असं त्यांचं म्हणणं. श्रीवर्धनच्या अलीकडे आमचं गाव. शिमग्याला तिथे दरवर्षी नाटक व्हायचं आणि अंताकाकांशिवाय ते उभं राहायचं नाही.

उभं कसलं, कसंबसं टेकायचं. पडदा मांडववाल्याचा, खुर्च्या शाळेच्या, आणि माइक एकच, वरून टांगलेला. त्यामुळे भांडणारे नवरा-बायकोसुद्धा त्याच्याखाली एकमेकांना खेटून भांडायचे. नकली मिशी परवडत नाही म्हणून काका आधीपासून खरी वाढवायचे. "मिशी फुकट हाय, वाढवा की," म्हणायचे.

एका वर्षी त्यांच्या वाट्याला दारुडा आला. काका माळकरी, दारूच्या वासानंही नाक धरणारे. तालमीत ते असे काही झुलायचे की नाटक बसवणारे गुरुजी वैतागून म्हणाले, "अंता, दारुडा आहेस तू, होडी नव्हे!" काका खजील झाले. शिकवायला शहरातून कोणाला आणण्याची मंडळाची ऐपत नव्हती.

त्यानंतर काका रोज संध्याकाळी माझ्या बाबांना घरी पोचवायला येऊ लागले. बाबा सुपारीच्या वाडीत कामाला होते आणि काम सुटलं की प्यायचे, हे गावाला ठाऊक होतं. त्यांनी कधी आरडाओरडा केला नाही. फक्त चाल बिघडायची. एक चप्पल फरफटत यायचे, मध्येच थांबायचे, कोणी हाक मारल्यासारखं मागे बघायचे आणि लाजून हसायचे. ती चप्पल ऐकू आली की आई दाराजवळची बादली बाजूला सरकवायची, नाहीतर बाबा हमखास तिला अडखळायचे. मला लाज वाटायची. म्हणूनच गावातला एक तरी माणूस त्यांच्या बरोबरीनं चालतो याचं फार बरं वाटायचं. मी काकांना आलं घालून चहा द्यायचे.

नाटकाच्या दिवशी काका स्टेजवर आले. चप्पल फरफटली, थांबले, मागे बघून लाजून हसले. ते आमच्याकडे का येत होते, हे मला तेव्हा कळलं. सगळं गाव खदखदून हसलं आणि मागून कोणीतरी बाबांचं नाव घेऊन ओरडलं. मी ओढणीत तोंड लपवलं. बाबा पुढच्या रांगेत होते. अंक संपल्यावर बक्षिसं पुकारली, त्यात दारुड्याच्या भूमिकेसाठी बक्षीस देणाऱ्यांत बाबांचंच नाव! ते स्टेजवर गेले, काकांच्या हातात नोट ठेवली आणि म्हणाले, "अंता, बरोबर केलंस रे. आसाच चालतो मी." वर माइक होता. अख्ख्या गावानं ऐकलं. काकांची मान वर झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, मी चोरी केली." आईनं एवढंच विचारलं, "चहा घेणार?"

पुढे मंडळानं कितीही गळ घातली, तरी काकांनी तोंडाला रंग लावला नाही. बाबांना घरी आणणं मात्र सोडलं नाही, अगदी बाबा जाईपर्यंत. त्या प्रवेशाची क्लिप गावच्या ग्रुपवर फिरत होती. माझ्या फोनवर आली, तशी मी ती पुसून टाकली.

यंदा बाबांच्या वर्षश्राद्धाला काका आले होते. बाबांचे फोटो पुष्कळ आहेत, पण सगळ्यांत ते ताठ उभे. माणसं पांगल्यावर मी काकांजवळ गेले. म्हटलं, "काका, एकदा चालून दाखवाल?"

"नको गं बाय," ते म्हणाले. तरी पायात चप्पल सरकवली. मग अंगणाच्या टोकाला गेले आणि चालत आले. चप्पल फरफटली. थांबले. मागे बघितलं, लाजून हसले.

आई आत पाठमोरी बसून ताटं पुसत होती. आमचं बोलणं तिच्या कानावर गेलं नव्हतं. चप्पल ऐकून ती उठली, दाराजवळची बादली बाजूला सरकवली, आणि मग तिनं बाहेर बघितलं.