बंडप्पाच्या हॉटेलातली खुर्ची

येरमाळ्याच्या स्टँडवर बंडप्पाचं हॉटेल होतं. बसायला सगळी बाकडी, खुर्ची मात्र एकच. बिरदेव आणि मच्छिंद्र लहानपणापासूनचे दोस्त. तिथं रोज चहाला बसायचे आणि त्या खुर्चीवरून भांडायचे. आधी येईल त्याची खुर्ची, असा खेळच होता.

मच्छिंद्र दूध सोसायटीचा चेअरमन झाला आणि खेळाची चव गेली. तो दिसला की बंडप्पा फडक्यानं खुर्ची पुसायचा. बिरदेव मग मुद्दाम लवकर येऊन ती अडवून बसू लागला. एकदा मच्छिंद्र सगळ्यांदेखत हसत म्हणाला, "बस बस. मेंढरामागं फिरून पाय दुखले असतील." हॉटेल हसलं. बिरदेव चहा तसाच ठेवून उठला. त्यानंतर दोघं एकमेकांकडं पाठ करून बसायचे.

त्याच साली पाऊस फिरकला नाही. बिरदेवला मेंढरं आधीच विकावी लागली होती. उरल्या होत्या दोन गाई, त्यातली एक त्याच्या बायकोनं, बानूबाईनं, माहेराहून आणलेली. सोसायटीनं जनावरांची छावणी काढली. मच्छिंद्रनं निरोप धाडला, जागा ठेवलीय, पण बिरदेवनं हॉटेलात येऊन एकदा तोंडानं मागावं.

बानूबाईनं नवऱ्याला परोपरीनं विनवलं. छपराचं पाचट उपसून ती गाईंपुढं टाकत होती. बिरदेव म्हणायचा, आज ना उद्या तोच येईल. मच्छिंद्रही तीच वाट बघत होता. दोघं रोज हॉटेलात जात होते, आणि कुणीच बोलत नव्हतं.

पहिली गाय बसली ती उठली नाही. तेव्हा बिरदेव हॉटेलात जागा मागायला गेला. मच्छिंद्र झटकन उभा राहिला, खुर्ची पुढं सरकवली. आताच गाडी पाठवतो म्हणाला. गाडी आली तोवर माहेरची गायही गेली होती.

बानूबाई रडली नाही. "तुमची खुर्ची तुमाला ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाली, आणि परंड्याला भावाकडं निघून गेली.

बिरदेव रस्त्याच्या कामावर खडी फोडू लागला. पुढच्या साली पाऊस झाला, गवत गुडघाभर वाढलं. मच्छिंद्र अधूनमधून घरी यायचा, सोसायटीकडून गाय मिळवून देतो म्हणायचा. बिरदेव त्याला पाणी द्यायचा.

"आता कुणासाठी?" तो म्हणायचा, आणि रिकाम्या गोठ्याकडं बघत बसायचा.