चालेलकाकांची निवडणूक

आमच्या बल्बच्या कारखान्यात पाळ्या लावणारा मुकादम कामगारच दरवर्षी निवडतात. खोक्याचा पुठ्ठा फाडायचा, एक नाव लिहायचं, रिकाम्या खोक्यात टाकायचं. मोजणी हिशेब खात्याकडे, म्हणजे माझ्या माथी.

मशिनवाले दहा, त्यांचा दादा. पॅकिंगवाल्या नऊ, त्यांची ताई. उरलेले पाच जण चालेलकाकांचे. दादा निवडून यायचा आणि रात्रपाळी काकांच्या गळ्यात पडायची. विचारलं की हे म्हणणार, "चालेल." म्हणून हे नाव. त्यांची बायको, आमच्या वहिनी, दवाखान्यात दिवसा कामाला. वर्षानुवर्षं दोघांचा संसार उंबऱ्यातच. एक आत येतं, दुसरं बाहेर पडतं. मुकादम झालो तर रात्रपाळी सगळ्यांना आळीपाळीने लावीन, एवढंच काकांचं म्हणणं. यंदाचं त्यांचं नोकरीतलं शेवटचं वर्ष.

मशिनवाल्यांना विचारावं, दादा नाही तर कोण? "काका चालतील. ताई नको रे बाबा!" पॅकिंगला विचारावं, तर दादा नको, काका चालतील. म्हणजे कुणाही एकासमोर उभे राहिले तर काका सहज जिंकतात, आणि तिघांत मात्र दरवर्षी तिसरे! हा कुठला न्याय?

म्हणून यंदा मी सांगितलं, पुठ्ठ्यावर तिन्ही नावं पसंतीच्या क्रमाने लिहा. पहिल्याला दोन गुण, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला शून्य. चहा पिता पिता सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, समजलं.

समजलंच होतं, नको तितकं. दादाने आपल्या माणसांना बजावलं, "काकाला दुसरा लिहाल तर तोच जिंकेल. शेवटी टाका." ताईनेही तेच केलं. खोकं उघडलं तर काकांना दहा गुण, दादा एकतीस, ताई एकतीस!

मतदानाच्या दिवशी सगळेच दिवसपाळीला, म्हणून दवाखाना सुटल्यावर वहिनी काकांना न्यायला फाटकाशी थांबल्या होत्या. "काय हो भावोजी, इतकी वर्षं हे साधेसुधे तिसरे यायचे. आता गुण मोजून तिसरे?"

मी कपाळावर हात मारला आणि आत पळालो.

आत जुंपली होती. ताईखाली काम करायला मशिनवाले तयार नाहीत, दादाखाली पॅकिंग नाही. मॅनेजर कंटाळून म्हणाले, "मग करायचं काय?"

दोन्हीकडून एकदमच आवाज आला, "त्यापेक्षा काका चालतील!"

तासापूर्वी याच एकोणीस जणांनी त्यांना शेवटी टाकलं होतं.

काकांनी तिथेच पाळ्या लावल्या. पहिल्या आठवड्याची रात्रपाळी: दादा आणि ताई.

"मी? रात्री?" दादा फणफणला.

"चालेल ना?" काका म्हणाले.

पॅकिंगमधली एक जण माझ्याजवळ येऊन म्हणाली, "साहेब, तुमची नवी पद्धत एक नंबर! बरोबर माणूस निवडला."

"अगं, पद्धतीने नाही निवडला! पद्धतीने त्याला पाडला! तुम्ही खोटं लिहिलंत, म्हणून बरोबरी झाली, म्हणून..."

"तेच ते," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीही हीच ठेवा."

मी खिडकीतून पाहिलं. काका रिकामा डबा वहिनींच्या हातात देऊन त्यांच्याबरोबर घराकडे निघाले होते. मागे वळून बघायला त्यांना सवड नव्हती.