माझ्या आवाजातलं कराची

नरपडला आमची चिकूची वाडी आहे. तोडीला येणाऱ्या बायांना वाचता येत नाही, म्हणून "उद्या सातला या" एवढा निरोपही मी फोनवर बोलूनच ग्रुपवर टाकते. तोंडाची मी आधीच फटकळ. ही सोय मला फार मानवली.

लढाईच्या त्या दिवसांत घरोघरी सेनापती निपजले होते. टीव्ही बंद म्हणून होत नव्हता. एका संध्याकाळी तोडीचा निरोप देता देता माझाही आवाज चढला. "कराची बेचिराख करा म्हणावं, एक माणूस शिल्लक ठेवू नका!" खोटं कशाला सांगू, बोलून बरं वाटलं. ग्रुपवर अंगठे आले तेव्हा आणखी बरं वाटलं.

सकाळी चिकू निवडताना तलासरीकडची एक बाई माझ्याजवळ सरकली. तिचा नवरा गुजरातच्या बोटीवर खलाशी. दोन वर्षांपूर्वी बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली आणि पकडली गेली. तेव्हापासून तो कराचीच्या तुरुंगात आहे. त्याच्या सुटकेचे तिन्ही अर्ज मीच लिहिले होते.

"काकू," तिनं हळूच विचारलं, "तो जेल गावात हाय का गावाबाहेर? बाहेर असंल तर वाचंल ना तो?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लाज ओसरली तरी एक कोडं काही सुटेना. अर्जात कराची हा शब्द माझ्याच अक्षरात होता. त्याच्या डाव्या हाताचं एक बोट तुटलंय, ही खूणही मीच लिहिली होती. लिहिताना त्या शहरात तो माणूस होता. बोलताना तिथं कुणीच नव्हतं. मग तो गेला कुठे? आणि तिथल्या कुणी माझं काही वाकडं केलेलं नसताना एवढा जोर मला आला कुठून?

निरोप पुसायला गेले, तर तो केव्हाच गावोगाव पोचला होता. वरोरच्या ओळखीच्या बाईंनी माझा आवाज न ओळखता तो मलाच पाठवला, "ऐका, कोण बाई आहे, काय बोलते!"

लढाई थांबली. चौथ्या अर्जासाठी ती ओट्यावर येऊन बसली.

"काकू, त्या दिवशी कशा मनापासून बोलल्या तुम्ही. तसंच लिवा ना."

मी "महोदय" लिहिलं. "सविनय" लिहिलं. पुढे तो जोर काही येईना, आणि ती माझ्या पेनाकडे बघत होती.