जुन्या बंबाचं पाणी

निजामाच्या अमलात भोकरदनला आमच्याकडे तांब्याचा बंब होता. तो गळू लागला की भोकाला डाग द्यायला एक म्हातारा तांबट यायचा. आमच्याशी बोलणं कमीच. बंबावर बोट वाजवून त्यालाच विचारायचा, "कुठं दुखून राह्यलं रे?"

शेवटी वडिलांनी नवा बंब घेतला. जुना न्यायला तोच आला आणि आईला म्हणाला, "माय, एक डाव पेटवा याला."

गळती बघायची असेल, असं समजून आईनं पऱ्हाट्या पेटवल्या. पाणी तापल्यावर त्यानं विसण घालून हातपाय धुतले, तोंड धुतलं, अगदी सावकाश.

"इतकी वर्सं डाग देऊन राह्यलो, पन याचं पानी आंगाला कसं लागतं, ते आज कळलं."

आईनं बंबात आणखी पऱ्हाट्या सारल्या.