कापड्याच्या सहदेवाचा मचवा

कापड्याच्या सहदेवाला शिडाचा मचवा घ्यायचा आहे ही बातमी फुटली, आणि पुढचे चार दिवस गावाला दुसरा विषय उरला नाही. का उरावा? कापडे पडलं पोलादपुराकडचं डोंगरातलं गाव. तिथल्या माणसाने बैल घ्यावा, म्हैस घ्यावी, फार तर तालेवार होऊन सायकल घ्यावी. मचवा घेऊन तो बांधणार कुठे, गोठ्यात? शेजारच्या कुशाबाने तर तोंडावरच विचारलं, "वैरण काय घालशील रे त्याला?" सगळे हसले, सहदेवही हसला. पस्तिशीचा, अंगाने दणकट आणि बोलायला मंद असा हा माणूस. चेष्टा करणाऱ्याबरोबर आपणही हसावं आणि आपलं तेच करावं, हा त्याचा स्वभाव होता.

भातकापणी उरकली की तो दरवर्षी हिरड्याची ओझी डोक्यावर घेऊन महाडच्या बंदरावर जायचा. भरतीचं पाणी सावित्रीतून पार महाडपर्यंत चढायचं आणि त्या पाण्याबरोबर दासगावचे मचवे वर यायचे. गावातल्या पन्नास गड्यांनी दोन दिवस मान मोडून खाली आणलेला हिरडा एका मचव्यात मावायचा, शीड फुगायचं, आणि तंबाखू मळेस्तोवर तो वळणाआड व्हायचा. सहदेव मान चोळत बघत राहायचा. घरी येऊन बायकोला, मैनाला म्हणायचा, "वारा मजुरी मागत नाय गो." मैना म्हणायची, "मंग त्यालाच सांगा लाकडं फोडायला." पण तिने ओळखलं होतं, गड्याचं मन पाण्यात पडलंय.

त्याला मचवा चालवायचं शिकवायला तयार झाला दासगावचा इनायत तांडेल. साठी उलटलेला, एका डोळ्यावर मोतीबिंदूचा सारा पडलेला, पण सावित्रीचं वळण न वळण पाठ असलेला माणूस. डोंगरातल्या कुणब्याला सुकाणूवर बसवतो म्हणून बंदरावरच्या लोकांनी त्यालाही कमी बोल लावले नाहीत. तो म्हणायचा, "पोहायला येतं, शिव्या देत नाय. आणि काय पायजे?" पैसे घेतले नाहीत, उलट मचव्यावर भाकरी दिली. आजकाल शिकवणी सांगणाऱ्यांनी हे ऐकावं.

दोन हिवाळे सहदेव शिकला. शिकला म्हणजे आधी सगळं चुकला. नदी खाली जाते एवढंच डोंगरातल्या माणसाला ठाऊक. ती दिवसातून दोनदा फिरून वर येते हे डोळ्यांनी बघूनही त्याला पटेना. सुकाणू हातात आलं की तो बैलाचा कासरा ओढावा तसं ओढायचा, आणि मचवा हटला की तोंडाने "हिर्र" करायचा. इनायत हसून हसून बेजार व्हायचा. "सहदेवा, ह्याला कान नायत. वढू नको. नुसता हात ठेव, तो तुला सांगंल कुटं जायचं ते." दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस खरंच एका सकाळी मचव्याने त्याला सांगितलं. वारा फिरला आणि डोक्यात विचार येण्याआधी त्याचा हात फिरला. इनायतने आपली विडी अर्धी तोडून त्याच्यापुढे धरली.

मचवा बांधायचं काम मात्र इनायत कुणाच्या हाती देत नसे, ते तांडेलाचं. तो दोर लांब, ढिला सोडून बांधायचा. सहदेवाला ते बघून वाईट वाटायचं. म्हातारा थकला, हात चालत नाहीत, असं मनात म्हणून तो गप्प बसायचा.

त्या पावसाळ्यात दासगावच्या नुरजहाँबीने आपला मचवा विकायला काढला. नवरा गेल्यापासून तो दोन वर्षं शाकारून ठेवलेला होता. किंमत इनायतने दोन्हीकडून बोलून ठरवली. सहदेवाच्या भावाने मुंबईच्या गिरणीतून हातभार लावला, तोही प्रश्न मिटला. पण बाई अडली एका गोष्टीवर. "माझ्या माणसानं तीस वर्सं ह्याला ओरखडा येऊ दिला नाय," ती म्हणाली. "नारळी पुनव झाली की ह्या गड्यानं एकट्यानं दासगावहून महाडला माल न्यावा, उतरावा आणि परत आणून लावावा. धड आणला तर त्याचा. नायतर पैशे घेऊन माझ्या दारात उभं ऱ्हायाचं नाय."

भाद्रपदात, पाऊस उघडलेला बघून, सहदेव कौलं भरून निघाला. सोबत कोणी नाही. मागून खारा वारा, खालून भरती, आणि महाडचं बंदर दिसलं तेव्हा त्याचा ऊर शिडासारखाच भरला होता. धक्क्याच्या दगडी पायऱ्यांना मचवा असा अलगद लागला की हमालसुद्धा बघत राहिले. मग त्याने दोर घेतला. बाईचा मचवा, जिवापाड जपलेला. म्हाताऱ्यासारखी कुचराई आपण करायची नाही, असं म्हणून त्याने पुढचा आणि मागचा दोर दोन्ही खुंट्यांना आखडून, करकचून बांधले. खट्याळ बैल दावणीला बांधतात तसे. बोटभर हलायला जागा ठेवली नाही. निम्मी कौलं उतरवून हमाल जेवायला पांगले आणि सहदेवही भाकरीचं फडकं सोडून झाडाखाली बसला.

ओहोटी लागली. पाणी खाली गेलं, मचवा कसा जाणार? त्याची एक कड दोरांनी वर धरून ठेवलेली, दुसरी खाली चाललेली. कौलं सरकून फुटल्याचा आवाज आला तेव्हा सहदेव धावला. मचवा भिंतीवर टांगल्यासारखा लोंबत होता. त्याने कोयत्याने दोर तोडला, आणि तीच दुसरी चूक झाली. मचवा धाडकन पायरीवर आदळला आणि कडेची एक फळी उभी तडकली.

इनायतचे दोर ढिले का असत ते त्याला त्या क्षणी कळलं. म्हातारा थकला म्हणणाऱ्याच्या तोंडात कोणी मारावी तसा तो चिखलात उभा राहिला.

हमालांनी शहाणपण शिकवलं. चीर पाण्याच्या वर आहे, कापूस ठास, वरून डांबर फास, बाईला काय कळतंय. कापूस त्याने ठासला, कारण परत जायचं होतं. डांबराला हात लावला नाही. दासगावला मचवा लावला, या वेळी लांब दोराने, आणि तो थेट नुरजहाँबीच्या अंगणात जाऊन उभा राहिला. जे झालं ते सांगितलं. इनायत मागून काठी टेकत आला होता. तो म्हणाला, "बी, चूक ह्याची नाय. मी ह्याला चालवायला शिकवलं, बांधायला नाय शिकवलं. मला वाटलं, हे काय सांगायचं."

साठ वर्षांची अब्रू त्या माणसाने एका कुणब्यासाठी अंगणात काढून ठेवली. सहदेव पुढे जन्मभर म्हणायचा, बापानं जन्म दिला, पण माझी चूक आपल्या पदरात घेणारा तो एकच.

नुरजहाँबीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाली, "फळी आण. सागाची, जुनी, वाळलेली. ओली आणशील तर वाकंल. तवर मी हो म्हनत नाय, नाय म्हनत नाय."

मग सहदेव फळीसाठी फिरला. पावसाळ्याच्या शेवटी कोरडं सागवान कोणाकडे असणार? महाड झालं, शेजारचं नाते गाव झालं, वखारीतलं सगळं लाकूड दमट. सहदेवाला पाण्याचं कळत नसेल, लाकडाचं कळत होतं. बोटाने ठोकलं की आवाजावरून सांगायचा. हात हलवीत तो रात्री कापड्याला आला, दार लोटलं, आणि लोटता लोटता थांबला. बोटाने दारावर ठोकलं. आज्याने बसवलेलं सागाचं दार, दोन पिढ्यांच्या चुलीच्या धुराने वाळलेलं. त्याचा हात दारावरच राहिला.

मैना आतून बघत होती. ती म्हणाली, "न्या."

"पाऊस हाय अजून. जनावरं फिरतात."

"मी काय दाराच्या जिवावर निजते व्हय? किलतानाचा पडदा लावीन. न्या म्हनते ना."

सकाळी त्याने दार बिजागरीतून काढलं, फळ्या सुट्या केल्या, आणि सगळ्यात रुंद फळी डोक्यावर घेऊन दासगावची वाट धरली. गावातून जाताना कुशाबा ओट्यावर होता. या वेळी तो उठून थोडी वाट त्याच्याबरोबर चालला, आणि उतारावर फळीला हात दिला.

दासगावच्या रामा सुताराने फळी बसवली तेव्हा नुरजहाँबी बघायला आली. फळीवरून हात फिरवताना तिचं बोट एका भोकात अडकलं. रामा ते बुजवायला लाकडी खुंटी तासत होता. "हे कसलं?" तिने विचारलं. "कडीचं," रामा म्हणाला. "ह्यानं घराचं दार काढून आणलंय." बाई सहदेवाकडे वळली. "घरात कोण हाय मग?" "बायको," सहदेव म्हणाला. नुरजहाँबीने पदराने तोंड पुसलं आणि इनायतला म्हणाली, "घिऊन जाऊ दे त्याला मचवा."

मचवा सहदेवाचा झाला तरी तो आठवडाभर त्यावर चढताना वहाणा काढायचा. इतका उपकार कसा फेडायचा हे त्याला कळेना. ते मैनाने सोडवलं.

आश्विनातली नव्याची पुनव आली. त्या दिवशी आपल्याकडे नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, झेंडू असं एकत्र करून दाराला बांधतात, घरात धान्य आलं म्हणून. मैनाने जुडी वळली आणि किलतानाकडे बघून म्हणाली, "ह्याला काय बांधायचं? दार हाय तिकडं जाऊ." जन्मात पोलादपूरच्या खाली न उतरलेली बाई डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन दासगावपर्यंत चालत आली. निम्मे तांदूळ तिने इनायतच्या ओट्यावर ठेवले आणि निम्मे नुरजहाँबीच्या पदरात घातले.

मग सगळे बंदरावर आले. सहदेवाने हात धरून मैनाला मचव्यात घेतलं. तिने फळी शोधली, खुंटीची जागा चाचपून ओळखली, वरच्या कडेला जुडी बांधली आणि हात जोडले. इनायत काठीवर हनुवटी ठेवून उभा होता. त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून सहदेव त्याला सांगत होता आणि सांगताना रडत होता.

नुरजहाँबी मात्र काठावरच उभी राहिली. मचवा विकल्यापासून तिने त्यावर पाय ठेवला नव्हता. दुसऱ्याची वस्तू झाली, आपण कशाला चढा, असं तिचं म्हणणं. मैनाने ते पाहिलं. ती कडेपाशी आली आणि तिने हात पुढे केला.

"येवा ना आत," ती म्हणाली. "दारात उभं ऱ्हाऊ नये."